लॉटीच्या कडेवरचं मूल

लुइसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन' या कादंबरीत सुरुवातीलाच नाताळची एक सकाळ येते. वडील युद्धावर गेलेले, घरात पैशाची चणचण, आणि तरीही मार्च घरातल्या चौघी बहिणींनी मोठ्या अपूर्वाईने मांडलेला नाश्ता. तेवढ्यात आई बाहेरून येते. जर्मनीहून आलेलं हमेल नावाचं एक गरीब कुटुंब जवळच राहतं. घरात सरपण नाही, सहा पोरं थंडीने एकाच अंथरुणात गोळा होऊन पडलीत, शिवाय एक तान्हं आहे. मुली क्षणभर गप्प होतात आणि मग सगळा नाश्ता टोपलीत भरून निघतात. पुढे कित्येक प्रकरणांनंतर हेच तान्हं चौघींतल्या बेथच्या मांडीवर दगावतं, तापाची लागण तिला होते आणि वाचकाचा जीव बेथमध्ये अडकून राहतो.

त्या घरात लॉटी नावाची एक मुलगी आहे. आई कामाला गेली की तान्ह्याला तीच सांभाळते. कादंबरीत तिच्या वाट्याला चार-दोन वाक्यं आली आहेत. ती पुढे शिकली का, तिचं लग्न कधी झालं, तिला बहिणी किती, यातलं काहीही पुस्तक सांगत नाही. गोष्ट मार्च कुटुंबाची असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे.

शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'मुळे ही कादंबरी मराठी घरांत पोचली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वाचणाऱ्या मुलींच्या पिढ्या झाल्या. त्यातल्या निम्म्याअधिक जणींनी मनातल्या मनात स्वतःला ज्यो ठरवलं, आणि धाकट्या बहिणीला अ‍ॅमीची भूमिका बळेच दिली. पुणे, नाशिक, दादर, कोल्हापूर, कुठेही हे सहज घडतं. प्रश्न उभा राहतो तो डहाणू-तलासरीला. तिथल्या पाड्यावरच्या मुलीने हे पुस्तक उघडलं तर कोणत्या घरात तिला आपली जागा दिसेल? मार्चांच्या की हमेलांच्या? आणि मराठीत तिच्या वाढीची, तिच्या बहिणींची गोष्ट कुठे सापडते?

अल्कॉटने कादंबरी लिहिली ती प्रकाशकाच्या आग्रहावरून. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सचे थॉमस नाइल्स यांना मुलींसाठी पुस्तक हवं होतं. लुइसाला या कामाचा उत्साह नव्हता, पण घरावर कर्ज होतं. पहिला भाग १८६८ मध्ये आला, दुसरा १८६९ मध्ये. सामग्री घरचीच होती. थोरली अ‍ॅना म्हणजे मेग, स्वतः लुइसा म्हणजे ज्यो, एलिझाबेथ म्हणजे बेथ आणि धाकटी मे म्हणजे अ‍ॅमी. एलिझाबेथला १८५६ मध्ये खरोखरच गरिबांच्या घरी केलेल्या मदतीतून तापाची लागण झाली होती. त्यातून ती पुरती उठलीच नाही आणि १८५८ मध्ये गेली. वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे प्रयोगशील शिक्षक. मुलांना घोकंपट्टी न करायला लावता त्यांच्याशी बोलत शिकवावं, हे त्यांचं म्हणणं. १८३९ मध्ये त्यांनी आपल्या छोट्या शाळेत एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला, तेव्हा बाकीच्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. तत्त्व शाबूत राहिलं आणि चूल थंडावली. पुढे ती पेटती ठेवली ती मुलीच्या लेखणीने.

मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारं घर आहे शिरूरच्या खरे मास्तरांचं. घोडनदीच्या या शिक्षकाने मुलींना शिकवायचं ठरवलं आणि कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत पाठवलं. त्यातली बाळूताई पुढे मालतीबाई बेडेकर झाली आणि 'विभावरी शिरूरकर' या नावाने १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' लिहून तिने महाराष्ट्र हादरवून सोडला. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं हे त्या कथांत होतं, आणि लेखिका कोण याचा शोध घेण्यातच लोकांचा बराचसा राग खर्ची पडला. १९५३ मधलं 'खरेमास्तर' हे वडिलांवरचं पुस्तक, पण ते वाचताना मुलींचं घर दिसत राहतं. त्याआधीची परंपरा हरिभाऊ आपट्यांच्या यमूपासूनची. 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली. तिच्यात एक मुलगी स्वतःच्या तोंडाने बालपण, लग्न आणि वैधव्य सांगते. सांगणारी ती असली तरी लिहिणारा पुरुष होता, एवढाच फरक.

या सगळ्या पांढरपेशा घरांतल्या मुली. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी ही चौकट मोडली. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा', ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' या पुस्तकांत मुलगी वाढते ती पोटाला चिमटा घेत, आणि तरी तिचं वाढणं तिचंच असतं. 'आयदान'मधली बांबूच्या टोपल्या विणणारी आई ही मार्चबाईंच्या तोडीची व्यक्तिरेखा आहे. उपदेश कमी आणि ढलप्या जास्त, म्हणून काकणभर सरसच.

आता डहाणू-तलासरीकडे यायला हरकत नाही. १ ऑगस्ट २०१४ ला झालेल्या पालघर जिल्ह्याचं हे उत्तर टोक. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याला मांगेल्यांची वस्ती, घोलवड-बोर्डीकडे इराणी-पारशी बागायतदारांच्या चिकूच्या वाड्या. रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलं की वारली आदिवासींचे पाडे सुरू होतात ते गुजरात आणि दादरा-नगरहवेलीच्या हद्दीपर्यंत. तलासरी तालुका तर जवळपास सगळाच आदिवासी. मार्चांच्या शेजारचा लॉरेन्सचा बंगला इथे शोधायचा झाला तर तो एखाद्या चिकूवाडीत सापडेल. मात्र कुंपणावरून जुळणाऱ्या दोस्तीऐवजी तिथे हजेरीपट असतो.

या भागाबद्दलचं मराठीतलं सर्वांत गाजलेलं पुस्तक गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. ते १९७० मध्ये आलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. गोदावरीबाई पुण्याच्या सधन गोखले घराण्यातल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. घरच्या चाकोरीबाहेर पडून स्वतःचं आयुष्य घडवणारी ज्यो मराठी सार्वजनिक जीवनात शोधायची तर ती ही. शामराव परुळेकरांबरोबर किसान सभेचं काम करत त्या वारल्यांच्या झोपड्यांतून राहिल्या. २३ मे १९४५ ला तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. पुढे १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि झरी तलासरीकडे राहिली.

या लढ्यातला एक शब्द मुलींच्या वाढीशी थेट जोडलेला आहे: लग्नगडी. लग्नाचा खर्च परवडत नाही म्हणून वारली तरुण सावकार-जमीनदाराकडून रक्कम घ्यायचा आणि बदल्यात तो व त्याची नवरी, दोघंही त्या मालकाकडे जन्मभर राबायची. 'लिटल विमेन'च्या दुसऱ्या भागात वाचकांना एकच उत्सुकता असते, कोणाचं लग्न कोणाशी. अल्कॉटवर तर ज्योचं लग्न शेजारच्या लॉरीशी लाव म्हणून पत्रांचा मारा झाला आणि ती हट्टाने नाहीच म्हणाली. तलासरीत १९४५ पर्यंत मुलीचं लग्न म्हणजे एका जमीनदाराच्या खळ्यावर वाढलेले दोन हात. प्रेमकथेच्या शेवटी जिथे इतरत्र पडदा पडतो तिथून इथली गुलामी सुरू व्हायची. अल्कॉटची कादंबरी गुलामगिरीविरोधी युद्धाच्या पार्श्वभूमीवर घडते, हे आपण वाचताना विसरतो, कारण युद्ध पानाबाहेर आहे. इथे ते चुलीपर्यंत आलेलं होतं.

गोदावरीबाईंचं पुस्तक मोठं आहे ते त्यातल्या सच्चेपणामुळे. बाहेरून आलेली बाई काय शिकली, कुठे चाचपडली हे त्या लपवत नाहीत. तरी त्या पुस्तकाचा नायक समूह आहे. मोर्च्यात, सभेत, झोपडीच्या अंधारात बायका दिसतात, बोलतात, लढतात. एखादी दहा वर्षांची मुलगी मात्र धरून ठेवून तिच्याबरोबर पुढची दहा वर्षं चालावं, हे त्या लेखनाचं काम नव्हतं.

दहा वर्षांच्या मुलीकडे पाहणारे डोळे झरीच्या त्याच वर्षी, त्याच भागात वेगळ्या वाटेने आले. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरीचे धडे गिरवले होते, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं होतं. अनुताई बालविधवा. हरिभाऊंची यमू जिथे संपते तिथून पुढे जगलेली बाई, असं त्यांच्याबद्दल म्हणता येईल. दादरची बालवाडी जशीच्या तशी इथे उचलून आणली तर चालेना. मुलं शाळेत येतच नव्हती. मग शाळाच पाड्यावर, एखाद्याच्या अंगणात भरू लागली. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं आली. शिकवण्याआधी आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं आलं. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेतून हे नाव पुढे देशभर गेलं.

अंगणवाडीने लहानग्यांचा प्रश्न सोडवला, थोरल्या मुलींचा राहिला. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येईना, कारण तिच्या कडेवर भाऊ नाहीतर बहीण. आई शेतावर किंवा वाडीत कामाला गेलेली. मूल खाली ठेवायचं तर कुठे? हीच ती लॉटी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर ताराबाईंनी यावर जे उत्तर उभं केलं ते मराठी शिक्षणाच्या इतिहासातलं एक अत्यंत हुशार उत्तर आहे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणायची, नाव विकासवाडी. थोरलीने कडेवरचं मूल पाळण्यात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. मध्येच तान्हं रडलं तर उठून त्याला थोपटून यायचं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा गुरांमागे गेली, ती कुरणशाळा. बहिणीला घरापासून तोडून शिकवण्याऐवजी आख्खी भावंडंच उचलून आणायची, ही युक्ती पाड्यावर रोज नजर असल्याशिवाय सुचत नाही. ब्रॉन्सन अल्कॉट असता तर टेकडी चढून आला असता, आणि खर्चाचा मेळ कसा घालायचा हे त्याने ताराबाईंकडून शिकून घ्यायला हवं होतं.

अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन या कामाचा मोठा दस्तऐवज आहे. पण तेही शिकवणाऱ्या बाईंचं. टेकडीवरून पाडा दिसतो, पाड्यावरून टेकडी कशी दिसत होती हे कळत नाही. नाश्त्याची टोपली घेऊन आलेल्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. टोपली उघडून खाणाऱ्यांचं लिहिणं राहून गेलं.

इथे कोणीतरी म्हणेल की वारली बायकांनी स्वतःला मांडलंच आहे, फक्त शब्दांत नाही. ते खरं आहे. लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या भिंतीवर चौक लिहिला जातो. कुडाची भिंत शेणाने सारवून वर गेरू फिरवायचा, तांदळाच्या पिठात पाणी कालवायचं, बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करायचा. चौकोनाच्या चारी बाजूंना नक्षीचे पट्टे, मध्ये पालघाट देवी, भोवती सूर्य, चंद्र, शिडी, फणी. हा मान सवाशिणींचा. धवलेरी गाणी म्हणते, तिच्या गाण्यांनी लग्न लागतं. धवलेरी बाईच असते. चौकाशिवाय लग्न नाही. म्हणजे मुलीचं मुलीपण संपतं त्या रात्रीचं चित्र आणि शब्द दोन्ही बायकांच्या हातात होते, आणि हे मराठी कादंबरीच्या जन्माआधीपासून चालू होतं.

मग १९७० च्या दशकात चित्रं कागदावर आली. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या हातून त्यांना बाहेरचं जग दिसलं आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले. विधीशिवाय, रोज, मनाला येईल ते काढणारा हा माणूस विलक्षण प्रतिभेचा होता. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्यामागे वारली चित्रकला जगभर पसरली. मात्र भिंतीवरून कागदावर येताना कुंचला बायकांच्या हातून बऱ्याच अंशी पुरुषांच्या हाती गेला. अल्कॉटच्या घरातली धाकटी मे चित्रकार होती. तिने 'लिटल विमेन'च्या पहिल्या भागासाठी काढलेल्या चित्रांना नावं ठेवली गेली, तरी पुढे युरोपात शिकून पॅरिसच्या सलाँपर्यंत तिची चित्रं पोचली. तिला थोरलीच्या पुस्तकाचे पैसे मिळाले होते. गंजाडच्या एखाद्या अ‍ॅमीला ते कुठून मिळणार? आज वारली बायका कागदावर, कापडावर काढतात, विकतात. तरी चौकात जे होतं, बाईने बाईसाठी लिहिलेलं, ते बाजाराच्या नगात उतरत नाही. तारपा वाद्य आणि गोल नाच मात्र चहाच्या कपापर्यंत उतरले आहेत.

कादंबरीच का हवी, चित्र-गाणी पुरेशी नाहीत का, या शंकेला उत्तर एवढंच: गाण्यातली नवरी ही कोणतीही नवरी असते, कादंबरीला एकच विशिष्ट मुलगी लागते. तिचे हट्ट, तिचं बहिणीशी भांडण, तिने फाडलेली वही. अ‍ॅमी ज्योचं हस्तलिखित जाळते तेव्हा वाचक हादरतो, कारण ते ज्योचंच हस्तलिखित असतं.

अर्थात चौघी बहिणी एका छताखाली, शेकोटीभोवती, हा सांगाडा इथे उचलून लावता येणार नाही. तलासरीच्या एखाद्या घरातल्या चौघी कल्पनेने उभ्या करून पाहाव्यात. एक आश्रमशाळेत, सहा-सात वर्षांची असल्यापासून. सुट्टीतच घरी येणारी, आणि बहीण म्हणून तिला ओळखीच्या आहेत त्या वसतिगृहातल्या मुली. दुसरी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर, पावसाच्या तोंडावर भाताच्या आवणीला परत. तिसरी रोज पहाटे टेम्पोत उभी राहून हद्दीपलीकडे उंबरगाव, भिलाड, वापीकडच्या कारखान्यात, नाहीतर २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत आलेल्या लोकलने विरारच्या बाजूला. चौथी घरात, कडेवर मूल घेऊन. भट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने काढलेल्या भोंगाशाळा म्हणजे कुरणशाळेचीच पुढची पायरी. ताराबाई गुरांमागे गेल्या, हे विटांमागे गेले.

अशा घराची कादंबरी घरात घडणार नाही. ती चौघी एकत्र येतात त्या मोजक्या दिवसांत घडेल. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते, त्या पंधरवड्यात, किंवा आवणीच्या चिखलात. मेगला श्रीमंत मोफॅटांच्या मेजवानीत उसन्या पोशाखात मिरवावंसं वाटतं आणि मग लाज वाटते. ते सगळं प्रकरण जत्रेतल्या बांगड्यांच्या दुकानापुढे जसंच्या तसं उभं राहील, रेशमाची गरज नाही. लग्नाचा पेचही निराळा. खर्च झेपत नाही म्हणून जोडपी आधी एकत्र राहतात, मुलं होतात आणि लग्न सवडीने, कधी सामुदायिक मांडवात लागतं. 'शेवटी लग्न' ही कादंबरीकारांची जुनी सोय इथे निकामी होते. हे वाईट नाही. अल्कॉटला ज्योचं लग्न मनाविरुद्ध लावावं लागलं होतं; तलासरीच्या लेखिकेवर प्रकाशकाला तसा दबाव आणता येणार नाही.

मराठीत याची वाट अगदीच कोरी नाही. कविता महाजन यांच्या 'ब्र'ने २००५ मध्ये पंचायतीत निवडून आलेल्या बायकांच्या, त्यात आदिवासी बायकांच्या, तोंडचं बोलणं कादंबरीत आणलं. सांगणारी तिथेही बाहेरून आलेली कार्यकर्ती आहे, पण कान तिखट आहे आणि स्वतःवर संशय घेण्याची तयारी आहे. खरी वाट पाडली ती नजुबाई गावित यांनी. धुळे-नंदुरबारकडच्या मावची समाजातल्या शेतमजूर घरातून आलेल्या, चळवळीत घडलेल्या या बाईंनी 'तृष्णा' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी लिहिली. भूक, सालदारकी, आई आणि तिच्या पोरी, हे सगळं आतून. ही कादंबरी डहाणूची नाही, वारल्यांची नाही, सातपुडा-साक्रीकडची आहे. पण आदिवासी मुलीचं वाढणं मराठी कादंबरीत मावतं का, या प्रश्नाचा निकाल तिने लावून टाकला आहे. 'चौघीजणी' ज्या कपाटात असते त्यात 'तृष्णा' क्वचितच दिसते, हा दोष कादंबरीचा नाही.

राहता राहिली भाषेची अडचण, आणि ती खरी आहे. वारली बोली मराठीच्या जवळची, पण आश्रमशाळेच्या पाठ्यपुस्तकातली मराठी ही तिथल्या मुलीला दुसरीच भाषा वाटावी इतकी लांब. हद्दीमुळे गुजराती कानावर, कारखान्यात हिंदी. नजुबाईंनी निवेदन मराठीत ठेवून मावचीला संवादात आणि वस्तूंच्या नावांत वावरू दिलं. तो मार्ग वारलीलाही चालेल. तलासरीत गोदावरी परुळेकरांच्या नावाचं कॉलेज आहे, तिथे मराठी विषय घेऊन बसलेल्या मुलींच्या आज्या वेठीच्या काळाला लागून आलेल्या पिढीतल्या आहेत आणि आया अंगणवाडीत गेलेल्या. तीन पिढ्यांचा असा ऐवज एकाच घरात मिळणं कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असं आहे. त्यांच्या अभ्यासक्रमात आत्मकथनाचा पेपर असेल तर त्यात 'तृष्णा' लावावी आणि चाचणीला निबंधाऐवजी प्रत्येकीकडून आजीचं लग्न कसं झालं ते आजीच्या बोलीत लिहून घ्यावं. पन्नास वह्यांतून दोन तरी कादंबरीच्या लांबीला जातील.